दुहेरी काच कशाला?

उरण,
१९ जानेवारी २०२५

ती. विपुल भाऊजी यांस,

विनिताचा नमस्कार. मृणालवहिनींनाही सांगा. तुम्ही तिकडे ठीक असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही.

पाकिटावरचं नाव तुम्ही दोनदा वाचलं असेल. काय करणार, आमचे दोघांचेही नंबर तुम्ही फोनवर ब्लॉक करून ठेवलेत. उरणहून पेण तासाभराचा रस्ता, पण त्या रस्त्याने आपल्यातलं कोणी येत-जात नाही. मग राहिलं पत्र. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझ्या हाताला लिहायची सवय आहे, आणि पत्र ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं. पण फाडायच्या आधी वाचा, कारण विचारायचं आहे ते तुमच्याच धंद्यातलं आहे.

तुमचे भाऊ घरगाडी बांधताहेत. एका शाळेने काढून टाकलेली मिनीबस घेतली आहे. बाकडी उपटली, आत पलंग, ओटा, शेगडी, पाण्याची टाकी बसवली. संडाससुद्धा आहे, पण एवढासा, की आत गेल्यावर वळायचं असेल तर बाहेर येऊन वळावं लागतं. अख्खा गाव बघून गेला. मासेवाली मनुबाई टोपली दारात उतरवून आत शिरली, पलंगावर बसून बघितलं आणि म्हणाली, "बाय, मना याच्यान एकदा मोऱ्याच्या बंदरावर नेऊन सोर, मंग मरन आला तरी चालल."

हे डोक्यात कुठून आलं म्हणाल, तर यांनी वीस-बावीस वर्षं न्हावा शेव्याहून ट्रेलर नेले. लुधियाना म्हणू नका, गुवाहाटी म्हणू नका. म्हणतात, "अख्खा देस मी फुडच्या काचंतशी बगला. बाजूला बगाला गेलो असतो तर ठोकलीच असती." आता त्यांना आडवं पडून बाजूच्या खिडकीतून देश बघायचा आहे. गाडी दुसरं कोणी चालवेल. पहिलं काश्मीर. बर्फ बघायचा आहे म्हणे.

आणि भांडण अडलंय ते त्या खिडकीवर. परदेशातल्या अशा गाड्यांना खिडकीला दोन-दोन काचा असतात, मधे बोटभर फट, कडा चारी बाजूंनी बंद. हे मोबाइलवर दिवसभर तेच बघतात. बाहेर बर्फ असला तरी आत ऊब राहते, बाहेर ऊन असलं तरी आत गारवा राहतो, हॉर्न कमी ऐकू येतात, आतल्या श्वासाने काच धुरकट होत नाही. हे झालं यांचं. माझं म्हणणं, गाडीचं वजन वाढेल, आपल्या खड्ड्यांत दोन काचा दुप्पट खडखडतील, आणि बर्फाचंच म्हणाल तर उरणात बर्फ बघायचा तो करंजाच्या बर्फाच्या कारखान्यात. साधी सरकती खिडकी लावा, वारा येईल. रोज जेवताना हाच विषय. भात गार होतो, पण काच ठरत नाही.

तर तुम्ही निकाल द्या. तुमचा जन्म काच कापण्यात गेला. गाडीला दुहेरी काच लावण्यात काही अर्थ आहे का?

तुम्हाला विचारते आहे हे यांना सांगितलेलं नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे.

बाकी विशेष नाही. हे दिवाळीपासून ट्रेलरवर जात नाहीत. उजव्या हातात जोर राहत नाही, पान्हा सुटतो. म्हणून गाडीचं काम हे तोंडाने सांगतात आणि धर्मा करतो. यांचा ट्रेलरवरचा जोडीदार धर्मा, तुम्ही ओळखता. शर्टाची बटणं मी लावून देते. लाडावलेत, दुसरं काय. दवाखाने चालू आहेत, ते पुन्हा कधी लिहीन.

धर्मा पेणवरून जात-येत असतो. उत्तर त्याच्या हाती दिलंत तरी पोचेल. एक ओळ पुरे. नुसतं काचेबद्दल लिहिलंत तरी चालेल.

तुमच्या घरातलीच, अजून तरी,
विनिता


उरण,
९ एप्रिल २०२५

ती. भाऊजी,

नमस्कार. उत्तर मिळालं. काचेच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर, काळ्या मार्करने. ‘दुहेरी नको. खाऱ्या हवेत कडा धरत नाहीत. गाडीच्या हादऱ्याने सील सुटेल, मधे दमट हवा शिरेल. मग ती काच आतूनही पुसता येत नाही, बाहेरूनही नाही. एकेरी टफन काच बसवा.’ खाली सही नाही, वर नमस्कार नाही. पण उत्तर आलं. मी तो पुठ्ठा चार वेळा वाचला, जसं काही त्यात आणखी काही लिहिलं असावं.

धर्माला डोकं नाही. त्याने पुठ्ठा यांच्यासमोरच माझ्या हातात दिला. हे अक्षर बघून म्हणाले, "पेनवाला." घरात तुमचं नाव घेत नाहीत हे, पेणवाला म्हणतात. मग म्हणाले, "नको बोलतो काय? मंग दोनच काचा बसवाच्या."

झालं. तुमच्या घराण्याची रीतच ही. एकाने डावीकडे जा म्हटलं की दुसऱ्याने उजवीकडे पाय टाकायचा. पुठ्ठा मात्र टाकू दिला नाही. गादीखाली ठेवायला लावला.

आता काचा कशा बसल्या ते ऐका, तुम्हाला हसू येईल. दोन काचांच्या मधे कडेने अल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, हे तुम्हाला मी काय सांगायचं. त्या पट्टीत ओल पिणारे दाणे भरतात. ते धर्माला पनवेलला मिळेनात, मागवायचे तर उशीर. हे म्हणाले, "पानी वडनारा घरान हाय, बाहेर कनाला जाव?" आणि मला माळ्यावरची आईंची बरणी काढायला लावली.

ती बरणी तुम्हाला आठवत असेलच. आपलं मिठागर बंदराच्या भरावाखाली गेलं त्या वर्षी शेवटच्या राशीतलं मीठ आईंनी तीत भरून ठेवलं होतं. भाजीत घातलं नाही, कुणाला चिमूटभर दिलं नाही. त्यांच्या पाठी मीही हात लावला नव्हता.

मी म्हटलं, अहो, हे जाडं मीठ, पावसाळ्यात पाणी सोडतं. म्हणाले, "बरनी उगरी असतं. काच बंद हाय. बंद काचंत पाऊस कसा शिरल?" मिठागरवाल्याच्या पोराला मी मिठातलं काय शिकवणार? तव्यावर मीठ कोरडं भाजलं. मूठभर तांदूळ भाजून त्यात मिसळले, मिठाच्या बरणीत आपण घालतो तसे. धर्माने कागदाच्या सुरळीने पट्टीत भरलं. हे खुर्चीवरून ओरडत होते, "ठोक, ठोक, पोकल नको ठेवू!" आणि हसत होते. असं हसलेले मी बऱ्याच महिन्यांनी बघितले. त्या हसण्यासाठी मी पट्टीत साखरसुद्धा भरली असती.

काचा स्वच्छ आहेत. गाडीत बसून दार ओढून घेतलं की कंटेनरच्या गाड्यांचा आवाज लांब जातो. तुम्ही हरलात हे यांना तुम्हाला कळवायचं आहे, पण हे तुमच्याशी बोलत नाहीत. म्हणून मी कळवते.

आता मागच्या पत्रात टाळलं ते लिहिते. वर खुर्ची लिहिलं ना, ती चाकांची आहे. मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं, हा नसांचा आजार आहे. हात जातात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, आणि मग श्वास. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. औषध नाही. यांचा प्रकार घाईचा आहे. मी विचारलं, मग आम्ही काय करायचं? त्या म्हणाल्या, फिरून घ्या.

गाडी त्याच्या आधी घेतली की नंतर, असं तुमच्या मनात येईल. नंतर घेतली. काश्मीरला जाणार नाही हे यांना माहीत आहे, मलाही माहीत आहे. आम्ही दोघं मिळून काचेवर भांडतो.

आईंचं मला उगाळायचं नाही. पण एकदा लिहून टाकते, कारण तुम्हा दोघांच्या मधे मी एकटीच होते जिने सगळं बघितलं. आई गेल्या ती मे महिन्याची दुपार होती, अंगणात पाय ठेववत नव्हता. हे राजस्थानात, कोट्याच्या पुढे ट्रेलर घेऊन अडकले होते आणि फोनवर ओरडत होते, थांबा, मी येतोय, आईला थांबवा. तुम्ही थांबलात. बर्फ आणवलात, तो अंगणातच पाणी होऊन वाहिला. संध्याकाळी तुम्ही उचललंत. अजून थांबणं शक्य नव्हतं, हे मी कुणाच्याही समोर सांगेन. हे आले तेव्हा राख गार झाली होती. दहाव्याला अख्ख्या गावासमोर तुम्हाला म्हणाले, ज्याने आईला माझ्यासाठी थांबवलं नाही त्याच्या हातचं पाणी मला नको. तुम्ही ताटावरून उठलात आणि थेट पेणला जाऊन दुकान थाटलंत. नऊ वर्षं झाली.

तुमचंही खरं होतं, यांचंही. मला तुम्हा दोघांचाही राग येतो.

एकदा येऊन जा. काच बघायला आलो म्हणा. निमित्त तयार आहे.

आपली,
विनिता

ता. क. मे महिन्यात मुरूडपर्यंत जाऊन यायचं ठरलं आहे. गाडी पेणवरूनच जाईल. तुमचं दुकान रस्त्यालाच आहे असं धर्मा म्हणतो.


उरण,
१४ जुलै २०२५

भाऊजी,

नमस्कार. आज हवापाण्याचं लिहीत नाही, कामाचं लिहिते.

त्या दिवशी तुमच्या दुकानासमोर आमची गाडी थांबली होती, ती तुम्ही बघितलीत. नाही म्हणू नका. तुम्ही टेबलावर काच कापत होतात, धर्माने हॉर्न दिला, तुम्ही मान वर केलीत. खिडकीतल्या दोन काचा बघितल्यात आणि ओठ मिटून हसलात, आईंसारखे. काचेमागे हे होते. मी विचारलं, खुर्ची उतरवू का? म्हणाले, "तो येल." तेव्हा जीभ जड झाली होती, पण मला कळायचं. मागच्या गाड्या कोकलायला लागल्या. तुम्ही कटर हातात धरून उभे होतात. यायला निघालात असं मला एकदा वाटलं. मग धर्माने गिअर टाकला.

मुरूडला रंगूमावशी म्हणून एक म्हातारी आहे, तिने आपल्या नारळाच्या वाडीत गाडी लावू दिली. समोर समुद्र. दिसत होता, पण ऐकू येत नव्हता. दोन काचा ना! हे म्हणाले, "दार उगर." दार उघडं टाकून बसलो तेव्हा कुठे समुद्र आत आला. डास पण आले. रंगूमावशीने शहाळी पाठवली, यांना चमच्याने पाजली, अर्धं गळ्यावर गेलं. हे म्हणाले, बास, झालं काश्मीर. तेवढीच आमची यात्रा.

येताना रस्त्याने हाडं खिळखिळी केली. कुठल्यातरी खड्ड्यात पलंगाजवळच्या खिडकीचा कोपरा सुटला असणार. जूनच्या शेवटी काचेच्या आत, खालच्या कडेला ओल दिसली. मग पट्टीतलं मीठ पाझरायला लागलं. दोन काचांच्या मधे पाण्याच्या धारा, आणि उघडीप पडली की त्या जागी पांढरं. पुन्हा पाऊस, पुन्हा पाणी, पुन्हा पांढरं. आता अख्खी खिडकी मिठाने भरली आहे. मी आतून पुसते, बाहेर जाऊन पुसते, पण ते मधे आहे. तुम्ही पुठ्ठ्यावर लिहिलं होतं तेच झालं. फक्त तुम्हाला आईंच्या मिठाचं माहीत नव्हतं.

हे आता गाडीतच असतात. श्वासाचं मशीन आलं तेव्हा मी घरात खोली तयार केली होती, पण यांनी नजरेने गाडी दाखवली. म्हणून गाडी परसात लावली, पलंगाची खिडकी मिठागराच्या बाजूला करून. तिथे आता बंदराच्या क्रेन आहेत, डबे उचलतात, ठेवतात. हे दिवसभर ते बघायचे. आता समोर पांढरं असतं आणि हे त्याच्याकडेच बघत असतात. मान वळत नाही, म्हणून दुसरीकडे बघता येत नाही.

बोलणं गेलं. हो असेल तर डोळे एकदा मिटतात, नाही असेल तर दोनदा. मला नीट कळलेला यांचा शेवटचा शब्द तुम्हाला सांगायचा होता. तुम्ही पाठवलेलं सामान धर्माने आणलं, सिलिकॉन सीलंटच्या नळ्या आणि रबराची पट्टी. म्हणजे त्या दिवशी रस्त्यावरून खिडकीचा कच्चा कोपरा तुमच्या नजरेने टिपला होता. पिशवीत चिठ्ठी नव्हती. मी पिशवी यांच्यासमोर उघडून धरली, म्हटलं, पेणहून आलंय. हे म्हणाले, "दादूस." पेणवाला नाही. लहानपणी तुम्हाला म्हणायचे ते, दादूस. त्यानंतर नुसता आवाज येत राहिला, शब्द आला नाही.

काल मी विचारलं, धर्माला काच काढायला सांगू? दोनदा मिटले. मी फोडू? दोनदा. दादूसला बोलवू? एकदा मिटले, आणि बराच वेळ तसेच राहिले. मी घाबरून हलवलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते मलाच पुसावं लागतं, यांचा हात पोचत नाही.

तर भाऊजी, या. हत्यारं घेऊन या आणि ती आतली काच काढून टाका. बाहेरची एकेरी राहू दे, तुम्ही म्हणाला होतात तशी. खडखडू दे, तापू दे, आवाज येऊ दे. पण यांना दिसू दे. यांचं आता डोळ्यांखेरीज काही चालत नाही, आणि त्या डोळ्यांसमोर मी मीठ लावून ठेवलं आहे. माझ्याने हे बघवत नाही.

बोलायची अडचण असेल तर बोलू नका. काच काढा आणि जा. मी चहा पण विचारणार नाही. डॉक्टर म्हणतात, गणपतीपर्यंतचं काही धरून चालू नका.

हे पत्र मी यांना वाचून दाखवलं आहे. डोळे एकदा मिटले.

वाट बघतो आहोत,
विनिता


उरण,
५ सप्टेंबर २०२५

विपुल भाऊजी,

तुमचा निरोप धर्माने जुलैतच सांगितला होता. ‘ओल्यात सिलिकॉन धरत नाही. पाऊस उतरू दे. गणपती झाले की येतो.’ काचेच्या हिशेबाने बरोबरच होतं. मी यांना तसंच सांगितलं. डोळे एकदा मिटले. हे थांबायला तयार होते.

उद्या अनंत चतुर्दशी. म्हणजे गणपती झाले. आपल्या घरात यंदा बसवलेच नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको.

श्रावणाच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी यांचं तोंड पुसायला कोमट पाणी घेऊन गाडीत गेले. मशीन चालू होतं, छाती वरखाली होत होती, पण ते मशीनचं होतं. हे नव्हते. डोळे उघडे, खिडकीच्या पांढऱ्याकडे. मी हाताने मिटले. एकदा.

धर्मा तसाच पेणला निघाला. गाव जमला. सगळ्यांचं म्हणणं पडलं की दुपारच्या आत उरकू, पावसाचा भरवसा नाही. मी म्हटलं, नाही. दादूस येईल, मग उचलायचं. म्हातारी माणसं समजवायला लागली की बाय, ठेवून चालत नाही, हवा दमट आहे. मी कुणाचं ऐकलं नाही. घरातही आणू दिलं नाही. गाडीतच ठेवलं. घरातून वायर ओढून गाडीचा एसी लावला, करंजाहून बर्फाच्या लाद्या आणवल्या, पलंगाच्या दोन्ही बाजूंना रचल्या आणि दार ओढून घेतलं.

भाऊजी, बर्फ टिकला. आईंच्या वेळचा बर्फ अंगणात वाहून गेलेला मी बघितला होता, म्हणून सारखी जाऊन बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाद्यांच्या नुसत्या कडा गोल झाल्या होत्या. मी आत स्वेटर घालून बसत होते. उरणात, भर पावसाळ्यात, स्वेटर घालून! बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, ना गाव, ना बंदर. खिडकी सगळी पांढरी. बर्फ, गारठा आणि पांढरं. मी यांना म्हटलंसुद्धा, आलं हो तुमचं काश्मीर.

जानेवारीत मी तुम्हाला विचारलं होतं, दुहेरी काच लावण्यात काही अर्थ आहे का. तुम्ही नको म्हणालात. मीही नकोच म्हणत होते. आपण दोघं चुकलो. तिच्यातून दिसत नाही, पुसता येत नाही, समुद्र ऐकू येत नाही, पण गारवा बाहेर जात नाही. माणसाला थांबवून ठेवता येतं. ज्या एका गोष्टीसाठी हे नऊ वर्षं तुमच्याशी बोलले नाहीत, ती आम्ही तुमच्यासाठी करून दाखवली. सकाळ, दुपार, रात्र आणि पुन्हा दुपार, तुमचा भाऊ तुमच्यासाठी थांबला होता.

धर्मा परत येऊन म्हणाला होता, "वैनी, तो बोल्ला, तू हो फुडं, मी आलूच." म्हणून मी प्रत्येक गाडीच्या आवाजाला बाहेर येत होते. शेवटी बर्फाला नाही, माणसांना धीर राहिला नाही. उचलले.

अग्नी मी दिला. कोणी काही बोललं नाही, निदान माझ्या समोर.

स्मशानातून आल्यावर मनुबाई माझ्या पायांशी बसली आणि रडायला लागली. मला वाटलं, यांच्यासाठी रडते. म्हणाली, "बाय, मी बगला त्याला. नाक्यावर टेम्पोन बसला व्हता. मी टोपली घेऊन जवल गेलो तर मना बगून काच वर केलान." तिला वाटलं, तुम्ही माणसांतून वाट काढत मागून येताय, म्हणून तिने मला आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी होते तशी नाक्यावर धावत आले असते. काच ठोकली असती. तुमचा हात धरून आणला असता.

नाक्यावरून आपलं घर दिसतं, भाऊजी. परसातली गाडी पण दिसते. तुम्ही टेम्पोची काच वर करून तिच्याकडे बघत बसलात आणि मग टेम्पो वळवलात.

तुम्ही मुंडण केलंत, दुकान दहा दिवस बंद ठेवलंत, एकटेच नदीवर जाऊन पिंड ठेवलात, हे सगळं धर्माने सांगितलं. म्हणजे भाऊ तुमचाच होता. मग तेवढाच रस्ता का नाही जमला? मी यावर खूप विचार केला. तो थांबला आहे हे ऐकलंत, तिथेच तुमचा पाय अडला असणार. तुम्हाला त्याच्यासाठी जे जमलं नाही ते त्याने तुमच्यासाठी केलं, आता कोणत्या तोंडाने समोर जायचं, असंच ना? मला कळतं ते. सगळं कळतं. पण मन माफ करायला तयार नाही, आणि त्याला मी जबरदस्ती करणार नाही.

गाडी परसातच आहे. धर्मा विचारत होता, कुणाला देऊन टाकू का. मी नको म्हटलं. मी दुपारची आत जाऊन बसते. खिडकीतलं मीठ तसंच आहे, तुमच्या सीलंटच्या नळ्या पिशवीत तशाच आहेत. गादी उचलली तेव्हा तुमचा पुठ्ठा सापडला. तो यांच्याबरोबर द्यायचा होता, गडबडीत राहून गेला. आता त्याचं काय करायचं ते मला सुचत नाही.

पाऊस उतरत आला आहे. दुपारी ऊन पडतं, काच कोरडी होते. आता सिलिकॉन धरेल. तुम्हाला यायचं असेल तर या, कधीही या. घाई करू नका.

इथे आता तुमच्यासाठी कोणी थांबलेलं नाही.

विनिता